शेल्टरमधून कुत्रा आणायचाय? आधी तुमच्या घराचं टाइमटेबल बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे की, पुण्यात कोथरूडला टू बीएचके, नवरा-बायको दोघं आयटीत, आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला जावं लागतं, सहा वर्षांची मुलगी, आणि सोबत सासूबाई, ज्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मुलीला कुत्रा हवाय, विकत आणायचा नाही हे ठरलंय, शेल्टरमधून पिल्लू आणायचंय, जमलं तर लॅब, तर तिथे गेल्यावर काय बघायचं, काय विचारायचं, पहिले दिवस कसे काढायचे आणि सोसायटीवाल्यांनी अडवलं तर काय करायचं.

मी पुण्यातल्याच एका शेल्टरमध्ये बरीच वर्षं अडॉप्शनचं काम बघते, म्हणजे फॉर्म वाचायचे, घर बघायला जायचं, आणि कुत्रा गेल्यावर दोन-तीन महिने त्या घरचे वेळी-अवेळी येणारे फोन घ्यायचे. म्हणून आडवळणाने न बोलता सांगते, विकत न घेण्याचा निर्णय एकदम बरोबर, पण तुमच्या घराला पिल्लू नको. दोन ते पाच वर्षांचा मोठा कुत्रा घ्या, आणि शक्यतो इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा.

आता का ते सांगते. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दर दोन तासांनी शू करतं, रात्रीही एक-दोनदा उठवतं. लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात, मग दर तीन-चार आठवड्यांनी डोस, रेबीजची लस तीन महिने झाल्यावर, म्हणजे चार महिन्यांचं होईपर्यंत त्याला रस्त्यावर खाली सोडायचं नाही कारण पार्वो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूचा आजार, बरेचदा रस्त्यावरून येतो, म्हणजे तोपर्यंत सगळी शी-शू घरात. तुम्ही दोघं हिंजवडीला गेलात की ते कोण पुसणार, सासूबाई. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने दिवसातून आठ वेळा वाकून फरशी पुसायची आणि वर पायात घोटाळणारं पिल्लू, मला तर हे लिहितानाच भीती वाटते. मग चौथ्या महिन्यात दात बदलायला लागतात आणि पुढचे दोन-तीन महिने चार्जर, चपला, सोफ्याचे पाय आणि तुमच्या मुलीचे हात, सगळं चावून होतं. पिल्लू वाईट नसतं हो, पण ते घरात पूर्ण वेळ माणूस असलेल्या आणि वाकता येणाऱ्या माणसांचं काम आहे.

दुसरं म्हणजे पिल्लू मोठं होऊन कसं होईल हे कुणालाच सांगता येत नाही. रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाची आई दिसलेली असते कधीकधी, बाप तर नाहीच. मोठ्या कुत्र्याचं तसं नसतं, तो जसा आहे तसा समोर असतो. लहान मुलं आवडतात का, मांजर दिसल्यावर काय करतो, एकटा राहतो का, हे शेल्टरमधल्या लोकांनी रोज बघितलेलं असतं. शिवाय बरेचसे मोठे इंडी झोपायच्या जागी घाण करत नाहीत, ठरलेल्या वेळी खाली नेलं की आठवड्या-दोन आठवड्यांत लाइनवर येतात. आणि ते जे सगळे म्हणतात ना की लहानपणापासून वाढवलं तरच माया लागते, तसं काही नसतं, चार वर्षांचा कुत्रा पण महिन्याभरात तुमच्या बाथरूमच्या दाराबाहेर बसून राहायला लागतो.

लॅबचं बोलू. शेल्टरमध्ये लॅब येतात, हस्की येतात, शित्झू येतात, पण ते तिथे का आलेत हे लक्षात घ्या. कुणाची बदली झाली, कुणाला मूल झालं, कुणाच्या कुत्र्याला कातडीचा आजार झाला आणि औषधाचा खर्च झेपेना, आणि काही माद्या तर ब्रीडरकडून येतात, वेत मागून वेत काढून झाल्यावर सोडून दिलेल्या. त्यामुळे शेल्टरचा लॅब म्हणजे बहुतेक वेळा वयाने मोठा, वजन जास्त, कानाचं इन्फेक्शन नाहीतर मागच्या पायांचा त्रास. असा सहा-सात वर्षांचा शांत लॅब मिळाला आणि औषधपाण्याची तयारी असेल तर जरूर घ्या, पण तीस किलोचा तरुण लॅब पट्ट्याला ओढायला लागला तर सासूबाईच काय, तुम्हालाही आवरणार नाही. इंडी साधारण पंधरा ते वीस किलोचा, अंगावर केस कमी, आपल्या हवेला बनलेला, कातडीचे आणि सांध्यांचे प्रॉब्लेम कमी, आणि बारा-पंधरा वर्षं आरामात जगतो. लॅब आलाय असं कळलं की फोनची रांग लागते आणि तीन वर्षांची गुणी इंडी मादी वर्षभर तिथेच बसलेली असते, हे मी रोज बघते, त्यामुळे थोडा पक्षपात आहे माझा, असू दे. हस्की मात्र पुण्यात एप्रिल-मेमध्ये बघवत नाही, त्याचा विचारही करू नका.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. महापालिकेचं नसबंदी केंद्र आणि शेल्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नसबंदी केंद्रात गल्लीतले कुत्रे आणतात, ऑपरेशन, रेबीजची लस, कानाला छोटा काप आणि काही दिवसांनी परत त्याच गल्लीत, २०२३ च्या एबीसी (प्राणी जन्म नियंत्रण) नियमांप्रमाणे असंच करावं लागतं. तिथल्या पिंजऱ्यात दिसतो तो प्रत्येक कुत्रा अनाथ नसतो, त्याची गल्ली, त्याचे खायला घालणारे लोक बाहेर वाट बघत असतात. शेल्टरमध्ये असतात ते अपघातात सापडलेले, सोडून दिलेले, आंधळे, तीन पायांचे, आई मेलेली पिल्लं, म्हणजे ज्यांना परत सोडता येत नाही ते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने भटक्या कुत्र्यांच्या केसमध्ये जो सुधारित आदेश दिला, त्यात असंही आहे की ज्यांना रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यायचेत त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, आणि घेतलेला कुत्रा परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणजे तुमच्याच गल्लीतली एखादी ओळखीची, लेकीच्या हातून बिस्किट खाणारी कुत्री असेल तर तोही रस्ता आहे, आणि खरं सांगू का, स्वभाव आधीच माहीत असल्यामुळे कधीकधी तोच सगळ्यात सोपा पडतो.

कुठे जायचं म्हणाल तर पुण्यात बावधनचं रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे, ब्लू क्रॉस आहे. तुमच्या ओळखीत कुणी मुंबईला असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, ते तर १८८३ पासूनचं. वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज ही संस्था १९८५ पासून मुंबईत काम करतंय. छोट्या खाजगी शेल्टरमध्येही चांगले कुत्रे असतात, फक्त जागा स्वतः बघून घ्या. घाण वास, एकाच पिंजऱ्यात आजारी आणि बरे एकत्र, पाण्याची भांडी कोरडी, कागद मागितले की उडवाउडवी, असं असेल तर दया येऊन तिथून पिल्लू उचलून आणू नका.

पहिल्यांदा जाताना मुलीला नेऊ नका. ती पहिल्या पिंजऱ्यापाशीच म्हणणार आई हाच, आणि मग तुमचा विचार संपला. तुम्ही दोघं जा, वीकेंडला नको, शनिवार-रविवारी गर्दी असते आणि कुत्रे येड्यासारखे भुंकत असतात, मधल्या वारी सकाळी जा. पिंजऱ्यातला कुत्रा बघून काही ठरवू नका. जाळीमागे उड्या मारणारा बाहेर आणल्यावर एकदम शांत असू शकतो, आणि कोपऱ्यात गप बसलेला शांत असतोच असं नाही, तो घाबरून गोठलेला असू शकतो आणि तुमच्या घरी आठवड्याने मोकळा झाल्यावर वेगळाच कुत्रा निघतो. म्हणून त्याला बाहेर काढायला सांगा, पट्टा लावून पंधरा-वीस मिनिटं त्यांच्या माणसासोबत चालून बघा. तुमच्याकडे वळून बघतो का, हाक मारल्यावर कान हलतात का, हात पुढे केल्यावर वास घेतो का मागे सरकतो, मोटारसायकल गेली तर किती वेळात सावरतो. घाबरणं चालतं, सगळेच घाबरतात, तो सावरतो किती लवकर ते बघायचं.

आणि ऑफिसात बसलेल्या आमच्यासारख्यांना विचारायचं ते विचारा, पण खरी माहिती पिंजरे धुणाऱ्या आणि जेवण वाटणाऱ्या पोरांकडे असते. त्यांना विचारा की हा जेवताना जवळ गेलं तर काय करतो, इतर कुत्र्यांशी जमतं का, काठी किंवा झाडू बघून काय करतो, हेल्मेटवाला माणूस आला तर काय करतो, कुणाला कधी दात लावलाय का. एकदा अडॉप्ट होऊन परत आला असेल तर का आला हेही विचारा. परत आलेला म्हणजे खराब असं नाही, कितीतरी वेळा घरमालकाने नाही म्हटलं एवढंच कारण असतं. पण मागच्या घरी लहान मुलावर गुरगुरला म्हणून आला असेल तर तुम्हाला तो नको, सहा वर्षांची मुलगी आहे घरात.

तब्येतीचं थोडं सविस्तर लिहिते कारण नंतरची निम्मी रडारड इथे असते. कागदावर लसीकरणाचं कार्ड, नसबंदी झालीय का, डीवर्मिंग म्हणजे जंतांचं औषध कधी दिलं आणि अलीकडची रक्ततपासणी हे मागा. आपल्याकडे रेस्क्यू कुत्र्यांत गोचीड ताप प्रचंड, म्हणजे गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार. वरून कुत्रा ठीक दिसतो आणि आतून प्लेटलेट्स पडलेल्या असतात. जेवण सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, ताप, नाकातून रक्त, असं काही दिसलं तर दोन दिवस बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. वेळेत कळलं तर बहुतेक बरे होतात, पण औषधाचा कोर्स बरेचदा तीन-चार आठवडे चालतो आणि कुत्रा बरा दिसायला लागला की लोक मध्येच सोडतात, ते करू नका. गोचीड मारायला गोठ्यात लावतात ते औषध अंदाजाने पाण्यात कालवून अंगाला चोळायचं नाही, त्याने कुत्रे दगावतात, डॉक्टर गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध देतात ते वापरा, आणि पावसाळ्यात तर एक महिनाही चुकवू नका.

एवढं सांगूनही पिल्लूच घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा, हे इथे येऊन किती दिवस झाले. पार्वोची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. काल आलेलं गोंडस पिल्लू आज घरी नेलं आणि पाचव्या दिवशी उलट्या, रक्ताची शी, हे दर हिवाळ्यात होतं, कारण दिवाळीच्या पुढे-मागे रस्त्यावर पिल्लांचा सीझन असतो आणि सगळीकडे पिल्लंच पिल्लं. चांगलं शेल्टर पिल्लांना काही दिवस वेगळं ठेवून मगच देतं. आणि तुमच्या घरात आधी पार्वोने कुत्रा गेला असेल तर तो विषाणू महिनोन् महिने जागेवर राहतो, तिथे लस न झालेलं पिल्लू आणू नका.

घाबरू नये अशा पण काही गोष्टी आहेत. डिस्टेंपर, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा विषाणूचा आजार, होऊन वाचलेल्या कुत्र्याचा पाय किंवा जबडा आयुष्यभर मधून मधून उडत राहतो, दिसायला विचित्र वाटतं पण बरा झालेला असेल तर तो मजेत जगतो. जननेंद्रियावर गाठ, ज्याला टीव्हीटी म्हणतात, ती रस्त्यावरच्या कुत्र्यांत खूप असते आणि आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण जाते. तीन पायांचा कुत्रा तर जिना सोडला तर कशालाच अडत नाही, फक्त वजन वाढू द्यायचं नाही. तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट असेल तर तीन पायांची एखादी शांत मादी तुमच्या घरात मस्त बसेल, सासूबाईंच्या चालीने चालेल.

आता शेल्टरवाले तुम्हाला प्रश्न विचारतील, त्याचा राग मानू नका. भाड्याचं घर की स्वतःचं, मालकाची लेखी परवानगी आहे का, परदेशी जायचा प्लॅन आहे का, गणपतीत कोकणात गेलात तर कुत्रा कुठे राहणार, घरातल्या सगळ्यांना मान्य आहे का. मी तर कामाला येणाऱ्या मावशींना कुत्र्याची भीती आहे का हेही विचारते, लोक हसतात, पण कुत्रा आल्यावर मावशींनी काम सोडलं आणि आठवड्यात कुत्रा परत आला असं झालेलं आहे. आणि सासूबाईंचं हो म्हणणं खरंच हो आहे का ते तुम्ही एकट्याने बसून विचारा, मुलाच्या आणि नातीच्या समोर त्या नाही म्हणणारच नाहीत. शाकाहारी घर असेल तर घरात अंडं चालेल का, चिकन असलेलं कोरडं खाणं चालेल का, हेही त्याच बैठकीत. उलट बाजूने, जिथे कुणी काहीच विचारत नाही आणि फक्त ट्रान्सपोर्टचे पैसे आधी पाठवा म्हणतं, गोल्डन रिट्रीव्हर फ्रीमध्ये देतोय फक्त कुरिअरचा चार्ज, ती फसवणूक असते, पैसे गेले की नंबर बंद. शेल्टर कुत्रा विकत नाही, फार तर नसबंदीसाठी डिपॉझिट किंवा देणगी मागतं.

कुत्रा घरी कधी आणायचा याला पण मुहूर्त बघायचा, पण आपल्या पद्धतीने. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस नकोत, फटाक्यांत नवा कुत्रा पळतो. तुमच्या भागात ढोलपथकाची प्रॅक्टिस चालत असेल तर गणपती होऊ द्या. शुक्रवारी संध्याकाळी आणा आणि पुढचा आठवडा दोघांपैकी एकाने घरून काम घ्या.

पहिल्या दोन आठवड्यांतला सगळ्यात मोठा धोका आजाराचा किंवा चावण्याचा नसतो, कुत्रा हरवण्याचा असतो. त्याला हे घर आपलं आहे हे माहीतच नसतं, बेल वाजते, दार उघडतं, तो सुळकन पायातून निघून जिन्याने खाली, गेटमधून बाहेर, आणि कोथरूडच्या ट्रॅफिकमध्ये. म्हणून घरात सगळ्यांना एकच नियम, सेफ्टी डोअर बंद असल्याशिवाय आतलं दार उघडायचं नाही, आणि डिलिव्हरी घ्यायच्या आधी कुत्रा आतल्या खोलीत. बाहेर नेताना हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही, कारण घाबरलेला कुत्रा मागे मागे सरकून डोकं पट्ट्यातून काढून घेतो आणि तुमच्या हातात नुसता पट्टा राहतो. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला पहिल्या दिवसापासून, नाव ठरलं नसलं तरी चालेल. बाल्कनीच्या ग्रिलमधून डोकं जातंय का ते बघून घ्या.

आमच्यात तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशोब सांगतात आणि तो बराचसा खरा आहे. पहिले तीन दिवस तो नीट जेवणार नाही, पलंगाखाली बसेल, शी पातळ होईल, काहीजण चोवीस तास शू पण करत नाहीत. त्याला बाहेर ओढू नका, नातेवाइकांना बघायला बोलवू नका, आंघोळ घालू नका. अंघोळीची सगळ्यांना भारी घाई असते, वास येतो म्हणून, पण अनोळखी घरात पहिल्याच दिवशी बाथरूममध्ये कोंडून अंगावर पाणी ओतलं तर त्याने तुमच्याबद्दल काय समजायचं. दिवसभरात पाणीच प्यायला नाही किंवा दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर मात्र डॉक्टर. तीन आठवड्यांत तो वेळापत्रक शिकतो, आणि त्याच वेळी खरा स्वभाव बाहेर येतो, चपला पळवणं, सोफा, वॉचमनवर भुंकणं. फोन सगळ्यात जास्त याच काळात येतात, की आधी किती शहाणा होता हो. तो शहाणा नव्हता, घाबरलेला होता, आता घरी आलाय. तीन महिन्यांपर्यंत थांबा आणि मग ठरवा.

तुमच्या मुलीसाठी तीन गोष्टी पक्क्या. तो जेवताना जवळ जायचं नाही, झोपलेला असताना हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही. मिठी आपल्याला प्रेमाची वाटते, कुत्र्याला अडकल्यासारखं वाटतं. कुत्रा आधी खूप काही सांगत असतो, तोंड वळवतो, ओठ चाटतो, डोळ्यातला पांढरा भाग दिसायला लागतो, अंग ताठ करून एकदम थांबतो, मग गुरगुरतो. गुरगुरला म्हणून मारू किंवा ओरडू नका, मुलीला शांतपणे बाजूला घ्या आणि कशावरून झालं ते बघा. मारून गुरगुरणं बंद केलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो. आणि पहिले काही महिने मुलगी आणि कुत्रा एका खोलीत एकटे नकोत, आजी शेजारच्या खोलीत टीव्ही बघतायत हे धरायचं नाही. कधी दात किंवा नख लागलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना, कुत्र्याला लस दिलीय म्हणून घरीच थांबायचं नाही. रेबीज झाल्यावर उपाय नाही, आणि सरकारी दवाखान्यात इंजेक्शन फुकट मिळतं.

एकटं राहायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा. आठ दिवस सगळे घरी, लाड, आणि नवव्या दिवशी दोघं सकाळी आठला गायब असं केलं की कुत्रा दार ओरबाडतो, रडतो, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार येते. चप्पल घालून दोन मिनिटं बाहेर, परत आत. मग दहा मिनिटं, मग अर्धा तास. सासूबाई घरी असतील हे चांगलंच आहे, पण त्यांना देवळात, डॉक्टरकडे जाता आलं पाहिजे ना. आणि फिरवायचं काम त्यांच्याकडे नको, सकाळ-संध्याकाळ तुम्ही दोघं, दुपारी एखादा वॉकर नाहीतर सोसायटीतला कॉलेजचा मुलगा.

गल्लीतले कुत्रे हा इंडी घेणाऱ्यांचा खास प्रश्न. त्यांच्या दृष्टीने हा घुसखोर असतो. पहिले काही दिवस सोसायटीच्या आवारातच फिरवा, मग गर्दी नसताना बाहेर. तिथे जो कुणी त्यांना खायला घालतो त्याच्याशी ओळख करून घ्या, त्याच्या सोबत दोन-चार वेळा चाललात की वातावरण बरंच निवळतं. काठी घेऊन फिरू नका, तुमचाच कुत्रा तिला आधी घाबरेल.

खाण्याचं पटकन सांगते. पहिला आठवडा शेल्टरमध्ये जे देत होते तेच, मग हळूहळू बदला. नुसतं दूध-पोळी हे जेवण नाही, दुधाने तर बऱ्याच मोठ्या कुत्र्यांचं पोट बिघडतं. भात, चिकन किंवा अंडं, लाल भोपळा, थोडं दही चालतं, मीठ-मसाला-फोडणी नको. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही, आणि द्राक्षं म्हणजे बेदाणे-मनुकेही आले, प्रसादाच्या शिऱ्यातले सुद्धा. शिजवलेली हाडं नको. ताप वाटला म्हणून घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम देऊ नका. खर्च म्हणाल तर खाणं, गोचिडांचं औषध, वर्षाच्या लसी धरून महिन्याला तीन-चार हजार बाजूला काढत चला, आणि आजारपणासाठी वेगळे ठेवा, एका गोचीड तापात ते लागतात.

सोसायटी. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं फेब्रुवारी २०१५ चं परिपत्रक आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, जनरल बॉडीत बहुमताने ठराव केला तरी नाही, आणि लिफ्ट वापरू देणार नाही असंही म्हणता येत नाही. त्याची प्रिंट काढून ठेवा, पण पहिल्या दिवशी सेक्रेटरीच्या टेबलावर आपटू नका. महापालिकेचा परवाना काढा, रेबीज लसीचं सर्टिफिकेट लागतं, त्याची कॉपी स्वतःहून ऑफिसात द्या, शी उचलायची पिशवी खिशात दिसू द्या, लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल तर पुढची घ्या. माझ्या बघण्यात कागदाने जेवढी भांडणं मिटलीत त्याहून जास्त त्या पिशवीने मिटलीत.

आणि नाहीच जमलं तर? तीन महिने मनापासून प्रयत्न करूनही मुलीवर गुरगुरतोय किंवा सासूबाईंना झेपत नाही, तर शेल्टरला फोन करा आणि परत आणून द्या, करारात तसंच लिहिलेलं असतं. आम्ही ओरडणार नाही, खरंच. ओळखीच्यांच्या फार्महाऊसवर सोडलं, हे मात्र करू नका, फार्महाऊसचा कुत्रा म्हणजे बहुतेक वेळा साखळीला बांधलेला कुत्रा. रस्त्यावर सोडणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे, पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, कित्येक दशकांपूर्वी ठरलेला तोच अजून, त्यामुळे कायद्याच्या भीतीने कुणी थांबत नाही हेही तितकंच खरं.

नावाचं राहिलं. शेल्टरमध्ये ठेवलेलं नाव बदललं तर चालतं, जुन्या नावासोबत नवं नाव घेत खाऊ दिला की आठवड्या-दोन आठवड्यांत ओळखायला लागतो. छोटं, दोन अक्षरांचं ठेवा, मुलीला ठेवू द्या, फक्त सोसायटीतल्या कुणाच्या नावाशी जुळत नाही ना ते बघा, कारण रोज सकाळी सहाला खाली उभं राहून ते तुम्हालाच मोठ्याने ओरडायचंय.